फासळ्या दिसतात, म्हणून उपाशी?

कारवानी कुत्रा घेऊन रस्त्यावर निघालं की कोणीतरी विचारतंच, "अहो, याला खायला घालता की नाही?" मालक बिचारा उगीच खजील होतो. खरं तर शेवटच्या दोन-तीन फासळ्यांची पुसट रेघ दिसणं हे या जातीत तब्येत ठीक असल्याचं लक्षण. नर खांद्यापाशी साधारण 70 सेंटीमीटर उंच, तरी वजन जेमतेम 25 किलोच्या आसपास. खोल छाती, आत ओढलेलं पोट, किंचित कमानदार कंबर. भरधाव पळताना एकेका झेपेत त्याचे चारही पाय दोनदा जमीन सोडतात. एकदा पोटाखाली गोळा झालेले असताना, एकदा पुढेमागे पुरते ताणलेले असताना. अशा देहावर लाडाच्या तूप-पोळीची चरबी चढवणं म्हणजे त्याच्या सांध्यांशी वैर. मात्र पाठीचे मणके आणि कमरेची हाडं टोकदार दिसू लागली, तर जनावरांचा डॉक्टर गाठावाच.

या जातीच्या इंग्रजी नावातला 'हाउंड' म्हणजे हुंगत माग काढणारा, हाही असाच एक गैरसमज. हा गडी नजरेचा. डोकं लांबट, निमुळतं. त्यामुळे डोळ्यांना बाजूंचंही बरंच दिसतं. दूरवर ससा हलला की तो निघालाच. मग तुमच्या हाकेला कोण विचारतो! म्हणून उघड्या माळावर पट्टा सोडू नये. शिवाय सशाची शिकार 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, ती कुत्र्याकरवी केली तरीही.

नावांचा गोंधळ तर विचारूच नका. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी जोपासला म्हणून 'मुधोळ हाउंड'. 2005 च्या टपाल तिकिटावरही हेच नाव. पण तो फक्त मुधोळचा नव्हे. लातूर, नांदेड, सोलापूरकडे तो कारवानी म्हणूनच ओळखला जातो. मध्य आणि पश्चिम आशियातून काफिल्यांबरोबर आलेल्या सालुकीसारख्या कुत्र्यांचा हा वंशज मानतात. कान-शेपटीवर रेशमी झुपके असलेला तो पश्मी. जात तीच, केस तेवढे वेगळे.

राखणीला आणून 'कोणावरही तुटून पडेल' अशी आशा धरणारे बहुधा फसतात. अनोळखी हात डोक्याकडे आला, की तो बहुतेकदा नुसती मान बाजूला काढून घेतो.