डब्यावरची खूण आणि उसाची नोंद



मागच्या हंगामात माझ्या गटात एकाच नावा-आडनावाचे दोन सभासद निघाले. नोंद घेताना वडिलांचे नाव लिहायचे राहिले आणि एकाच्या खोडव्याच्या दोन खेपा दुसऱ्याच्या खात्यावर पडल्या. चूक माझीच. दुरुस्ती झाली, पण त्या शेतकऱ्याला पंधरा दिवस हेलपाटे पडले ते पडलेच.

पुढे कामानिमित्त मुंबईला गेलो. दादरला मध्य आणि पश्चिम रेल्वे एकत्र येतात. तिथे डबेवाले डबे निवडत होते. ही मंडळी आपल्यासारखीच शेतकरी घरची. बहुतेक मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नरकडची. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी हा धंदा उभा केला. २०२० च्या करोनापूर्वी सुमारे पाच हजार माणसे रोज दोन लाखांच्या आसपास डबे पोचवीत.

डब्यावर ना मालकाचे नाव, ना पत्ता. पूर्वी रंगीत दोरे बांधत, आता रंगाने अक्षरे-आकडे काढतात. समजा डब्यावर 'व्हीएलपी, ३, ९ ईएक्स १२' असे आहे. व्हीएलपी म्हणजे विलेपार्ले, डबा निघाला ते ठिकाण. ३ हा उतरायच्या भागाचा आकडा. ९ म्हणजे तिथे पोचवणारा गडी. ईएक्स म्हणजे नरिमन पॉइंटची एक्सप्रेस टॉवर्स इमारत, आणि १२ हा मजला. प्रत्येकाने आपल्यापुरते वाचायचे आणि डबा पुढे द्यायचा. कोड छोटा, पण त्यातले एकही अक्षर फुकटचे नाही.

संगणकातही असेच छोटे कोड तयार करतात. इंग्रजी २६ अक्षरे आणि १० आकडे घेतले, तर चार घरांत १६,७९,६१६ वेगवेगळे कोड बसतात. वाटते, भरपूर झाले! पण संगणकाने ते चिठ्ठी उचलल्यासारखे कसेही काढले, तर साधारण दीड हजार नोंदींतच कुठेतरी दोघांना एकच कोड जाण्याची शक्यता निम्म्यावर येते. म्हणून क्रमाने नंबर द्यावेत, नाहीतर प्रत्येक नवा कोड आधीच्या यादीशी ताडून मगच द्यावा. शिवाय 'ओ' आणि शून्य, 'आय' आणि एक हे हाताने लिहिताना सारखेच दिसतात. ती दोन अक्षरे गाळली तरी १३,३६,३३६ कोड उरतात. गटाला पुरून उरतील!

तेव्हा बंधूंनो, नोंदीची पावती हातात पडली की आधी प्लॉट नंबर, गट नंबर आणि लावणीची तारीख बघा. तोडणीच्या दिवशी चिटबॉयला नाव सांगू नका, पावती दाखवा. गावात एका नावाची चार माणसे निघतील, पण प्लॉटचा नंबर एकाचाच असतो. उसाचे पैसे त्याच नंबरावर घरी येतात.