तबकडीचा आवाज बारीक का येतो?

गेल्या पावसाळ्यात आठवीतल्या एका विद्यार्थिनीने वर्गात एक अडचण आणली. मरोळ गावठाणातल्या तिच्या घरी माळ्यावर आजोबांचा टर्नटेबल आणि चाळीसेक ध्वनिमुद्रिका पडून होत्या. जुना ॲम्प्लिफायर केव्हाच बंद पडला होता. म्हणून तिच्या भावाने टर्नटेबलाची पिन एका छोट्या ब्लूटूथ ट्रान्समीटरमध्ये खोचली आणि गाणे बिनतारी स्पीकरवर लावले. तबकडी फिरली, सुई टेकली. पण आवाज आला तो डास गुणगुणल्यासारखा. तबला तर ऐकूच येईना. आवाजाची कळ पूर्ण फिरवली, तेव्हा गाण्याच्या जोडीने घरघरही वाढली. ओळखीच्या एका जाणकाराने निदान केले, "तबकड्या झिजल्या." रविवारी सगळा ढीग भंगारवाल्याला द्यायचे ठरले. तिचा प्रश्न होता, "सर, झिजल्यावर आवाज बारीक होतो का?"

झिजलेल्या तबकडीचा आवाज खरखरतो, फाटतो. पण तो असा बारीक आणि पोकळ होत नाही. दोष तबकडीत नव्हता. सुई आणि स्पीकर यांच्यामध्ये जे असायला हवे, तेच नव्हते. जोडणी तारेने करायची की बिनतारी, हा प्रश्न त्यानंतरचा.

खाचेतील लाटा

ध्वनिमुद्रिकेवर एकच लांबलचक खाच बाहेरून आत वळत जाते. तिच्या भिंती नागमोडी असतात आणि हे नागमोडी वळण म्हणजेच आवाज. लाँगप्ले तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या फेऱ्याची त्रिज्या साधारण १४.६ सेंटिमीटर धरली, तर सुईखालून खाच सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर सरकते. १,००० हर्ट्झच्या स्वराची एक लाट तेथे अर्ध्या मिलिमीटरची असते. आतल्या फेऱ्यात, ६ सेंटिमीटर त्रिज्येवर, तीच लाट ०.२ मिलिमीटरवर येते. हे गणित विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे. वर्तुळाचा परीघ आणि वेग एवढेच त्याला लागते.

खाचेत आवाज आहे याची खात्री वीज न वापरताही पटते. जाड कागदाचा शंकू करून त्याच्या टोकात शिवणाची सुई खोचावी आणि फिरत्या तबकडीवर अलगद टेकवावी. गाणे स्पष्ट ऐकू येते. मात्र या सुईने खाच खरवडली जाते, म्हणून प्रयोगासाठी टाकून द्यायचीच तबकडी घ्यावी.

दोनशे कोटी पटींचा प्रवास

टर्नटेबलाच्या भुजेच्या टोकाशी कार्ट्रिज असते. त्याच्या नेहमीच्या प्रकारात सुईच्या दांडीला एक चिमुकले चुंबक जोडलेले असते आणि शेजारी तारेची वेटोळी असतात. सुई थरथरली की चुंबक हलते आणि वेटोळ्यांत वीज निर्माण होते. दहावीच्या पुस्तकातले विद्युतजनित्र ते हेच, फक्त आकाराने तांदळाच्या दाण्याएवढे. त्यापासून मिळणारे विभवांतर ५ मिलिव्होल्टच्या आसपास असते. टेप, सीडी प्लेअर किंवा मोबाइल फोन ज्या पातळीवर संदेश देतात, ती साधारण ३०० मिलिव्होल्ट, म्हणजे ६० पट असते. ब्लूटूथ ट्रान्समीटरची अपेक्षा या दुसऱ्या पातळीची होती.

शक्तीचा हिशोब तर थक्क करणारा आहे. कार्ट्रिज ४७,००० ओहम रोधाला जोडतात. शक्ती म्हणजे विभवांतराचा वर्ग भागिले रोध. त्यावरून ती एका वॅटचा सुमारे दोनशे कोटीवा भाग येते. ८ ओहमच्या स्पीकरला एक वॅट द्यायचा, तर २.८ व्होल्ट आणि सुमारे ०.३५ ॲम्पिअर लागतात. म्हणून मध्ये दोन टप्पे असतात: आधी विभवांतर ६० पट वाढवणारा फोनो प्रीॲम्प आणि मग स्पीकर हलवण्याची ताकद देणारा मुख्य ॲम्प्लिफायर. बिनतारी स्पीकरमध्ये मुख्य ॲम्प्लिफायर आत बसवलेलाच असतो. फोनो प्रीॲम्प बहुधा नसतो.

मुद्दाम बदललेला आवाज

पण नुसते ६० पट वाढवून भागत नाही. तबला ऐकू का येत नव्हता, हे अजून उरलेच आहे.

खर्जातले स्वर जसेच्या तसे कोरले, तर खाच इतकी रुंद डुलेल की शेजारच्या खाचेत घुसेल. म्हणून कोरतानाच खर्ज कमी करतात. उलट, बारीक स्वर तबकडीच्या खरखरीत बुडू नयेत म्हणून ते वाढवून कोरतात. वाजवताना नेमके उलटे करायचे असते. हे प्रमाण पूर्वी प्रत्येक कंपनीचे वेगळे होते. १९५४ साली अमेरिकेतील ध्वनिमुद्रिका उत्पादकांच्या संघटनेने एक प्रमाण ठरवले आणि पुढे ते जगभर रुळले. त्यानुसार १,००० हर्ट्झच्या तुलनेत ५० हर्ट्झचा स्वर सातव्या भागाइतका आणि १०,००० हर्ट्झचा सुमारे पाचपट कोरला जातो. ही दुरुस्ती न करता ऐकले, तर खर्ज गायब होतो आणि टोकदार स्वर अंगावर येतात. डासाच्या गुणगुणीचे कारण हेच. फोनो प्रीॲम्पचे दुसरे काम म्हणजे ही दुरुस्ती.

जुन्या पेटीवजा प्लेअरमध्ये बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असते. त्यात दाब पडला की वीज देणारा पदार्थ वापरतात. ते शेकडो मिलिव्होल्ट देते आणि दुरुस्तीही बरीचशी आपोआप होते. त्याला फोनो प्रीॲम्प जोडू नये. पण त्याला दहा लाख ओहमच्या आसपास रोध लागतो. तो कमी मिळाला तर त्याचाही खर्ज जातो.

घरघर आणि एक बारीक तार

आम्ही फोनो प्रीॲम्प मिळवला आणि टर्नटेबल व ट्रान्समीटर यांच्यामध्ये जोडला. तबला ऐकू आला. पण घरघर कमी होण्याऐवजी दुप्पट झाली! विद्यार्थ्यांचे चेहरे पडले. कारण मात्र आत्ताच्याच गणितात होते. आपल्या घरातील वीज ५० हर्ट्झची. प्रीॲम्प सर्वच स्वर ६० पट वाढवतो आणि ५० हर्ट्झला आणखी सातपट, म्हणजे एकूण ४२० पट. आसपासच्या वायरिंगमधून तारेत शिरलेला विजेचा अंश या वाढीचा पहिला मानकरी ठरतो. टर्नटेबलातून एक सुटी बारीक तार बाहेर आलेली असते, ती याचसाठी. भुजेचा धातू आणि प्रीॲम्पचे कवच ती एकाच विभवावर ठेवते. ती तार प्रीॲम्पच्या स्क्रूला आवळताच घरघर थांबली. ही तार भिंतीतल्या प्लगमध्ये कधीही खोचू नये.

तार की बिनतारी?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या साखळीत तारा दोन प्रकारच्या आहेत. कार्ट्रिजपासून प्रीॲम्पपर्यंतची तार नाजूक संदेश नेते. ती जाळीच्या आवरणाची आणि मीटरभरच असावी. ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंतची तार प्रवाह नेते. तिला आवरणापेक्षा जाडी हवी. दहा मीटर अंतरासाठी जाऊन-येऊन वीस मीटर तांबे लागते. छेद १.५ चौरस मिलिमीटर असेल तर रोध सुमारे ०.२३ ओहम येतो, तो नगण्य. ०.२ चौरस मिलिमीटरची घंटीची तार वापरली तर १.७ ओहम येतो आणि ८ ओहमच्या स्पीकरकडे निघालेल्या शक्तीचा सहावा भाग तारेतच उष्णता होऊन जातो. स्नेहसंमेलनात मागच्या स्पीकरचा आवाज पडतो, त्याचे एक कारण येथे असू शकते.

बिनतारी जोडणीत मात्र आवाज नव्हे, आकडे जातात. सीडीच्या पद्धतीने ट्रान्समीटर लाटेची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतो. दोन्ही बाजूंची १६ बिटांची मापे धरली तर सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. ब्लूटूथची सर्वसाधारण पद्धत ते आकुंचित करून सुमारे सव्वातीन लाखांवर आणते आणि २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवर पाठवते. या खटाटोपात सेकंदाचा दहावा ते पाचवा भाग उशीर होतो. तबकडी ऐकताना तो जाणवत नाही. पण मायक्रोफोनवर गाणाऱ्याला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू आला तर त्याचा ताल चुकतो. तेथे तारच बरी. आणि बिनतारी स्पीकरलाही बॅटरी किंवा वीज लागतेच.

तपासणीचा क्रम

आवाज बारीक आला तर आधी कार्ट्रिजचा प्रकार पाहावा. मग टर्नटेबलाच्या मागे 'फोनो' आणि 'लाइन' असे बटण आहे का ते पाहावे. असल्यास प्रीॲम्प आतच आहे. 'लाइन'वर ठेवून ट्रान्समीटर सरळ जोडता येतो. 'लाइन'वर ठेवून वर बाहेरचा फोनो प्रीॲम्पही जोडला, तर दुरुस्ती दोनदा होते आणि आवाज घुमतो, फाटतो. शेवटी सुई पाहावी. ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीची खाच रुंद असते. तिला सुमारे ७५ मायक्रॉनचे टोक लागते, लाँगप्लेला २५ किंवा त्याहून बारीक. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी घासते आणि चांगली तबकडीही झिजल्यासारखी वाजते.

हे सगळे पाहिल्यावरच तबकडीला दोष द्यावा. जुन्या ध्वनिमुद्रिकांचे मोल ओळखून मुंबईत १९९० साली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था स्थापन झाली. तिचे काम वर्षानुवर्षे सांभाळणारे डॉ. सुरेश चांदवणकर हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ होते.

आमच्या विद्यार्थिनीच्या घरच्या तबकड्यांपैकी दोन खरोखरच झिजलेल्या निघाल्या. त्या आता शाळेच्या प्रयोगशाळेत कागदी शंकूच्या प्रयोगाला आहेत. बाकीच्या घरी वाजतात.

वर्गात करून पाहा: जुन्या रेडिओतला छोटा स्पीकर मल्टिमीटरच्या सर्वांत खालच्या मिलिव्होल्ट पल्ल्याला जोडा. पडदा बोटाने हलकेच आत दाबा, मग सोडा. आकडा दोन्ही वेळा उलटसुलट का हलतो, हे मुलांना विचारा. कार्ट्रिज आणि स्पीकर यांचे नाते ती स्वतःच सांगतील.