डोकेदुखीत क्षणभर दिसेनासं झालं तर
लोहगडाच्या तटासारखी नागमोडी, चमचमती रेघ नजरेसमोर येते, वीसेक मिनिटांत पसरत विरून जाते आणि मग अर्धं डोकं ठणकू लागतं. इंग्लंडचे डॉक्टर ह्यूबर्ट एअरी यांनी 1870 मध्ये स्वतःला दिसलेल्या अशाच आकृत्यांची चित्रं छापली. ही अर्धशिशी.

दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. वाकलं की काही सेकंद अंधारी, कानात नाडीच्या ठेक्यावर घुंघुं आणि रोजची डोकेदुखी! अशा वेळी कवटीतला दाब वाढल्याची शंका घ्यावी. वजन वाढलेल्या तरुण स्त्रियांत हे अधिक आढळतं. चष्म्याचा नंबर बरोबर असतो, एमआरआयमध्ये गाठ नसते आणि निदान लांबत जातं. बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा पाहिला, की डोळ्याच्या नसेवरची सूज दिसते. मग कमरेतून पाणी काढून दाब मोजतात. प्रौढांत तो पाण्याच्या 25 सेंटिमीटरच्या वर गेला तर निदान पक्कं होत जातं.

या तपासणीसाठी मावळकरांना तळेगाव दाभाड्याचं डॉ. भाऊसाहेब सरदेसाई रुग्णालय जवळ पडतं. पुढे पुण्यातल्या ससून रुग्णालयासाठी लोणावळ्याहून पुण्याची लोकल आहे. जाताना लिहून न्यावं: अंधारी एका डोळ्याला की दोन्ही, किती वेळ, कोणत्या गोळ्या चालू.

पन्नाशीनंतर नवी डोकेदुखी, चावताना दुखणारा जबडा आणि अंधारी एकत्र आली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. स्टिरॉइड लगेच सुरू झालं तर दुसरा डोळा वाचू शकतो.