सैनिकांची घरे आणि भाडेकरूंचे हक्क



इंदूरहून महू फारसे दूर नाही. तेथील छावणीतले क्वार्टर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहेत. सुभेदार रामजी सकपाळ सैन्याच्या शाळेत शिकवीत असत, तेव्हा १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. बाबासाहेबांचा जन्म महूच्या छावणीतच झाला. सैनिकाची बदली झाली की कुटुंबाला मिळेल त्या घरात संसार मांडावा लागतो. ते घर आरोग्याला घातक असेल तर दाद कुठे मागायची? अमेरिकेत या प्रश्नावर कायदा करावा लागला. तो कसा झाला हे समजून घेण्यासारखे आहे.

१९९० च्या दशकात तेथील सैनिकी घरांची दुर्दशा झाली होती. दुरुस्तीला सुमारे २० अब्ज डॉलर आणि तीसहून अधिक वर्षे लागतील, असा संरक्षण खात्याचा अंदाज होता. तेव्हा १९९६ च्या कायद्याने ही कामे खाजगी कंपन्यांना देण्याची वाट मोकळी झाली. करार बहुधा ५० वर्षांचे होते. पुढे देशातील जवळजवळ सर्वच सैनिकी कुटुंबांची घरे या कंपन्यांकडे गेली.

खरी मेख भाड्याच्या व्यवस्थेत होती. सैनिकाला मिळणारा घरभत्ता बहुधा परस्पर कंपनीकडे जमा होई. नळ गळो, भिंतीला बुरशी येवो, पैसे मात्र महिन्याच्या महिन्याला पोहोचत. ज्याचे पैसे अडवता येत नाहीत, त्याला तक्रारीची घाई कशाला असेल?

२०१८ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने या घरांतील ओल, बुरशी, उंदीर आणि शिसेयुक्त रंग यांविषयी लेखमाला प्रसिद्ध केली. यांपैकी शिशाची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. घरगुती रंगात शिसे घालण्यास अमेरिकेत १९७८ पासून बंदी आहे, पण जुन्या भिंतींवरचा जुना रंग तसाच राहिला. त्याच्या खपल्या पडतात, धूळ होते. रांगणारी मुले हात तोंडात घालतात आणि शिसे पोटात जाते. त्याने मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. मूल वरून धडधाकट दिसते, पण लक्ष लागत नाही, शिकणे मंदावते. मुलांच्या रक्तातील शिशाची कोणतीच मात्रा सुरक्षित मानली जात नाही. आम्ही शिक्षक ज्याला चटकन ‘आळस’ म्हणून मोकळे होतो, त्यामागे असेही कारण असू शकते.

फेब्रुवारी २०१९ मध्ये सैनिकांच्या पत्नींनी सिनेटच्या समितीपुढे साक्षी दिल्या. त्याच वर्षी २० डिसेंबरला मंजूर झालेल्या संरक्षणविषयक कायद्यात भाडेकरूंच्या हक्कांची तरतूद झाली. असे एकूण १८ हक्क आहेत. घर घेण्यापूर्वी त्याच्या मागील सात वर्षांच्या दुरुस्तीचा इतिहास पाहता येतो. तक्रार केली म्हणून त्रास देता येत नाही. वाद मिटेपर्यंत भाडे कंपनीच्या हाती न देता वेगळे ठेवण्याची सोय आहे. माझ्या मते हा शेवटचा हक्क सर्वांत मोलाचा, कारण दुखण्याच्या मुळावर तोच घाव घालतो.

परंतु जुने करार सरकारला एकतर्फी बदलता येईनात. कंपन्यांची संमती मिळवता मिळवता, बहुतेक ठिकाणी सर्व हक्क लागू व्हायला ऑगस्ट २०२१ उजाडला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बालफोर बीटी कम्युनिटीज या कंपनीने न्यायालयात फसवणुकीचा गुन्हा कबूल केला. दुरुस्ती वेळेवर झाल्याच्या खोट्या नोंदी करून तिने कामगिरीचे बक्षीस उकळले होते. दंड व भरपाई मिळून सुमारे साडेसहा कोटी डॉलर द्यावे लागले. म्हणजे कागदावर सर्व ठीकठाक होते!

आपल्या देशात घरगुती रंगातील शिशाची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून दहा लाख भागांत ९० भाग इतकी आहे. हा नियम नव्या डब्यांना लागू आहे. भिंतींवर, खिडक्यांवर आधीच बसलेल्या जुन्या ऑइल पेंटचे काय, हे आपले आपणच पाहायचे. शाळेच्या जुन्या वर्गांच्या खिडक्या या उन्हाळ्यात रंगवायच्या आहेत. विश्वस्तांना माझी विनंती आहे की खरवडण्याचे काम मुले नसताना, सुट्टीतच व्हावे. रंग कोरडा न घासता पाणी मारून काढावा आणि नंतर फरशी झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. घरी रंगकाम काढणाऱ्या पालकांनीही लहान मुलांना त्या खोलीपासून दूर ठेवावे.