घरबसल्या ‘हंससरोवर’

लेखकामागें ग्रंथ उरतो, चित्रकारामागें चित्र उरतें. नर्तकाचें काम मात्र पाऊल उचललें कीं संपलें. निजिन्स्की या विख्यात रशियन नर्तकाच्या नृत्याचा एकहि चित्रपट उपलब्ध नाहीं. त्याची कीर्ति छायाचित्रें व प्रेक्षकांच्या आठवणी यांवरच उभी आहे. मार्गो फाँटेन या इंग्रज नर्तिकेचें भाग्य याहून बरें. तिनें रुडॉल्फ नुरेयेव्हसह केलेला ‘स्वान लेक’, म्हणजे हंससरोवर, हा बॅले १९६६ सालीं व्हिएन्ना येथें चित्रित झाला, व तो पुढें तबकडीवर निघाल्यामुळें घरींहि पाहतां येतो.

बॅलेंत पात्रें बोलत नाहींत, गातहि नाहींत. कथा पदन्यास, हावभाव व वाद्यसंगीत यांनींच सांगितली जाते. म्हणून कथानक आधीं समजून घ्यावें. दुष्ट मांत्रिकानें हंसी करून टाकलेली ओडेट रात्रीं मनुष्यरूप पावते. राजपुत्र सीगफ्रीड तिला एकनिष्ठेचें वचन देतो. परंतु मांत्रिकाची कन्या ओडिल हिलाच ओडेट समजून तो भर दरबारांत वचनभंग करतो. या दोन्ही भूमिका बहुधा एकच नर्तिका करते, आणि तिची कसोटी येथेंच लागते.

संगीत चायकॉव्स्कीचें. १८७७ मधील मॉस्कोचा पहिला प्रयोग फारसा गाजला नाहीं; पेटिपा व इव्हानोव्ह यांनीं १८९५ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें बसविलेली नृत्यरचनाच पुढें रूढ झाली. तिच्यांत स्वतःची भर घालून नुरेयेव्हनें व्हिएन्नाचा प्रयोग सिद्ध केला.

आतां पाहावें कसें? नाट्यगृहांत आपली दृष्टि स्वतंत्र असते. चित्रपटांत कॅमेरा दाखवील तेवढेंच दिसतें. मुखावरील भय जवळून दाखविलें कीं पावलें दिसेनाशीं होतात. आणि बॅलेंत पावलें गेलीं म्हणजे काव्यांतून वृत्तच गेलें! एकमेकींचे हात गुंफून नाचणाऱ्या चार लहान हंसींचेंच पाहा. चौघींचीं पावलें व माना एकाच क्षणीं वळतात, यांतच त्या नृत्याची गंमत आहे. तें नखशिखान्त दिसलें पाहिजे. हंसींच्या रांगा जुळतात व फुटतात, त्याहि दुरूनच कळतात.

घरीं मात्र तोच भाग पुन्हां लावतां येतो. विद्यार्थिमित्रांनो, पहिल्या खेपेस कथा पाहा. दुसऱ्या खेपेस नायिकेस सोडून केवळ मागच्या रांगांकडे लक्ष द्या.

फाँटेनचा जन्म १९१९ चा. म्हणजे चित्रीकरणाच्या वेळीं तिनें पंचेचाळिशी ओलांडली होती. नुरेयेव्ह तिच्याहून सुमारें एकोणीस वर्षांनीं लहान. माझ्या वयाच्या मनुष्यास या गोष्टीचें अंमळ अधिकच कौतुक वाटतें! फाँटेन १९९१ सालीं व नुरेयेव्ह १९९३ सालीं निवर्तला. या प्रयोगाच्या शेवटीं सरोवरास पूर येऊन राजपुत्र बुडतो. तो प्रसंग खोलींतील दिवे मालवून पाहावा.