संगणकाची सफाई : लाभ, मर्यादा आणि दक्षता

कार्यालयीन कामकाजात संगणकाने टंकलेखन यंत्राची आणि पुष्कळ अंशी कागदी नस्तीचीही जागा घेतली, त्यास आता बराच काळ लोटला आहे. यंत्र जुने झाले की ते मंदावते. आणि ते मंदावले की 'सफाई' करणारी एखादी आज्ञावली त्यात बसविण्याचा मोह होतो. एकच कळ दाबून संगणक स्वच्छ व वेगवान करण्याचे आश्वासन अशा आज्ञावली देतात. परंतु सफाईनंतर अँटिव्हायरस बंद पडणे, नेहमीची आज्ञावली न उघडणे, जुनी पत्रे वाचता न येणे, अशा तक्रारीही त्यामागोमाग येऊ शकतात. असे का घडते आणि ते टाळण्यासाठी कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कचरा कशास म्हणावे?

संगणक चालू असताना विंडोज प्रणाली व तिच्यावरील आज्ञावली अनेक तात्पुरत्या फाइली निर्माण करीत असतात. ब्राउझर पाहिलेल्या पानांतील चित्रे साठवून ठेवतो, अद्ययावतीकरणानंतर जुन्या प्रती मागे राहतात, आणि रीसायकल बिनमध्ये टाकलेल्या फाइलीही जागा अडवून बसतात. डिस्क भरत आली असेल, तर या फाइली काढल्याने यंत्रास खरोखरच मोकळीक मिळते. सफाईचा हा लाभ निर्विवाद आहे.

मात्र बहुतेक सफाई आज्ञावली एवढ्यावर थांबत नाहीत. अभिलेख कक्षातील जुनी कागदपत्रे नष्ट करावयाची झाल्यास प्रत्येक नस्तीचा वर्ग व जतनकाल पाहावा लागतो आणि ज्या शाखेची ती नस्ती असेल, त्या शाखेस विचारावे लागते. कागदावर धूळ साचली आहे म्हणून तो निरुपयोगी आहे, असे कोणताही अभिलेखपाल मानणार नाही. सफाई आज्ञावलीची रीत याच्या उलट असते. फाइल कोठे आहे, तिचे नाव काय, ती किती दिवसांत उघडली गेली नाही, अशा बाह्य खुणांवरून ती निर्णय घेते. ती फाइल कोणाची आणि कशासाठी ठेवली आहे, हे तिला ज्ञात असतेच असे नाही. पुढील बहुतेक अडचणींचे मूळ या एका उणिवेत आहे.

रजिस्ट्रीतील काटछाट

विंडोजमध्ये 'रजिस्ट्री' नावाची एक मध्यवर्ती नोंदवही असते. 1992 साली विंडोज 3.1 मध्ये तिचा प्रथम अवलंब झाला आणि 1995 साली आलेल्या विंडोज 95 पासून तिचे क्षेत्र फार विस्तारले. कोणती आज्ञावली कोठे आहे, कोणत्या प्रकारची फाइल कोणी उघडावी, यंत्र सुरू होताच काय चालू व्हावे, कोणते फाँट उपलब्ध आहेत, अशा असंख्य नोंदी तीत असतात.

एखाद्या नोंदीने दर्शविलेली फाइल त्या क्षणी सापडली नाही, तर सफाई आज्ञावली ती नोंद निराधार ठरविते. आता, कार्यालयाचा सामायिक सर्व्हर त्या वेळी बंद असेल किंवा बाहेरील डिस्क जोडलेली नसेल, तर तेथील फाइल सापडणार नाही. परंतु ती अस्तित्वातच नाही, असे त्यावरून ठरत नाही. नोंद मात्र पुसली जाते आणि दुसऱ्या दिवशी संबंधित आज्ञावली उघडत नाही.

मराठीतून काम करणाऱ्या कार्यालयांना याची झळ विशेष लागू शकते. युनिकोड रूढ होण्यापूर्वीची कितीतरी पत्रे सी-डॅकच्या आयएसएम किंवा श्रीलिपी यांसारख्या आज्ञावलींच्या फाँटमध्ये टंकलिखित झालेली आहेत. असा फाँट उपलब्ध नसला की सुवाच्य मराठी मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे दिसू लागतात. पत्र नष्ट झालेले नसते. परंतु ज्यास ते तातडीने वाचावयाचे आहे, त्याच्या दृष्टीने ते नष्ट झाल्यासारखेच होय.

एवढा धोका पत्करून पदरात काय पडते? असंख्य नोंदींतून काही शे नोंदी वगळल्याने वेगात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. खुद्द मायक्रोसॉफ्टने आपल्या धोरणात रजिस्ट्री साफ करणाऱ्या साधनांच्या वापरास पाठिंबा नसल्याचे नमूद केले आहे. त्यांच्या वापरातून उद्भवलेल्या अडचणी दूर करता येतीलच, याची हमीही ती कंपनी देत नाही. प्रसंगी संपूर्ण प्रणाली नव्याने बसवावी लागते.

अँटिव्हायरसशी होणारा संघर्ष

अँटिव्हायरस ही एकच एक फाइल नसते. ज्ञात विषाणूंच्या खुणांचा संग्रह, प्रत्येक फाइल उघडताना तपासणारा पहारेकरी भाग, संशयित फाइली अलग ठेवण्याची कोठडी, तपासलेल्या फाइलींची यादी, घटनांची रोजनिशी आणि ठरावीक वेळी अद्ययावतीकरण करणारी योजना, असे तिचे अनेक घटक असतात. पुण्यात विकसित झालेली क्विक हील घ्या किंवा विंडोजसोबत येणारी डिफेंडर घ्या, स्थूलमानाने रचना अशीच असते.

यांपैकी काही घटक सफाई आज्ञावलीला कचऱ्यासारखे भासतात. तपासलेल्या फाइलींची यादी पुसली गेली, तर पुढील तपासणी पुन्हा आरंभापासून करावी लागते आणि वेगासाठी केलेली सफाई यंत्र अधिकच मंद करते. अलग ठेवलेली फाइल नष्ट झाली, तर ती चुकून अडकलेली निर्दोष फाइल असल्याचे पुढे आढळले, तरी ती परत मिळत नाही. 'आरंभी चालू होणाऱ्या आज्ञावली कमी करा' या सूचनेस मान देऊन अद्ययावतीकरणाचा भाग बंद केला, तर अँटिव्हायरसचे चिन्ह पडद्यावर दिसत राहते, परंतु तिची माहिती दिवसेंदिवस शिळी होत जाते. ही अवस्था अँटिव्हायरस मुळीच नसण्यापेक्षा अधिक फसवी आहे, कारण वापरणारा निर्धास्त असतो.

संघर्षाची दुसरी बाजूही आहे. थोड्या अवधीत शेकडो फाइली पुसणारी आज्ञावली अँटिव्हायरसला घातक वाटू शकते व ती तिला मध्येच रोखते. अशा वेळी सफाई अर्धवट राहते. शिवाय काही मोफत सफाई आज्ञावलींबरोबर इतर आज्ञावलीही यंत्रात शिरतात. 2020 च्या जुलै महिन्यात मायक्रोसॉफ्टने सीक्लीनर या प्रसिद्ध सफाई आज्ञावलीच्या मोफत प्रतीस 'अनावश्यक ठरू शकणारी आज्ञावली' असे संबोधिले, ते याच कारणास्तव. तिच्यासोबत येणाऱ्या आज्ञावलींत एक स्वतंत्र अँटिव्हायरसही होता. एकाच यंत्रात दोन अँटिव्हायरस एकाच वेळी पहारा देऊ लागले की दोन्ही त्याच फाइलीवर धाव घेतात, परस्परांच्या कामात अडथळा आणतात आणि यंत्र कुंठित होते.

पुराव्याचा प्रश्न

शासकीय कार्यालयांच्या दृष्टीने आणखी एक बाब महत्त्वाची आहे. संगणकीय सुरक्षेसंबंधीची केंद्रीय यंत्रणा 'सर्ट-इन' हिने 28 एप्रिल 2022 रोजी दिलेल्या निर्देशांनुसार, सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांच्या आत तिची माहिती कळविणे आणि संगणकीय प्रणालींच्या घटनानोंदी 180 दिवस सुरक्षित राखणे आवश्यक आहे. हे निर्देश शासकीय संस्थांनाही लागू आहेत. सफाई आज्ञावलीच्या यादीत विंडोजच्या घटनानोंदी आणि अँटिव्हायरसची रोजनिशी यांपुढेही खूण करता येते. ती खूण सहज केली गेली, तर घुसखोर कोठून आला, केव्हा आला व त्याने काय नेले, हे सांगणारा पुरावा आपल्याच हाताने पुसला जातो.

सफाई करणाराच वाहक

सफाई आज्ञावलीस यंत्राच्या कानाकोपऱ्यात वावरण्याची मुभा द्यावी लागते. या मुभेचा गैरवापर कसा होऊ शकतो, हे 2017 साली दिसून आले. त्या वर्षी 15 ऑगस्ट रोजी प्रसृत झालेल्या सीक्लीनरच्या 5.33 या आवृत्तीत अज्ञात हल्लेखोरांनी घातक संकेत मिसळला होता. त्या प्रतीवर उत्पादकाची अधिकृत अंकीय स्वाक्षरी असल्याने ती विश्वसनीय भासली. 18 सप्टेंबर रोजी हा प्रकार जाहीर झाला, तोवर सुमारे 22 लाख 70 हजार संगणकांवर ती पोहोचली होती. पुढील तपासात हल्लेखोरांचा रोख मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांवर असल्याचे दिसून आले. उत्पादकाने दोषरहित आवृत्ती तत्परतेने उपलब्ध केली. परंतु जी आज्ञावली आवश्यकच नाही, ती बसविणे म्हणजे घरास एक जादा दार ठेवणे होय, हा बोध या घटनेतून घ्यावयास हवा.

कोणती दक्षता घ्यावी?

जागा मोकळी करण्यासाठी विंडोजमधील 'डिस्क क्लीनअप' किंवा 'स्टोरेज सेन्स' ही साधने सर्वसाधारणपणे पुरेशी असतात. तेथेही प्रत्येक खूण वाचून मगच संमती द्यावी. विशेषतः 'डाउनलोड्स' कप्प्यात कामाची कागदपत्रे असू शकतात, हे ध्यानी ठेवावे. रजिस्ट्रीची सफाई करूच नये. अँटिव्हायरस, घटनानोंदी आणि फाँट यांच्याशी संबंधित कोणत्याही बाबीपुढे खूण करू नये. यंत्रात एकच अँटिव्हायरस चालू ठेवावा. सफाईपूर्वी महत्त्वाच्या फाइलींची प्रत अन्यत्र काढून ठेवावी आणि सफाईनंतर अँटिव्हायरस उघडून संरक्षण चालू आहे काय व शेवटचे अद्ययावतीकरण केव्हा झाले, हे पाहावे. या तपासणीस दोन मिनिटेही लागत नाहीत.

सफाईपूर्वीच यंत्र एकाएकी मंदावले असेल, तर प्रथम त्याचे कारण शोधावे. अपुरी स्मृती, जीर्ण झालेली डिस्क किंवा प्रत्यक्ष विषाणू यांपैकी एकावरही सफाई हा उपाय नव्हे. विषाणूची शंका असल्यास काहीही न पुसता यंत्र जाळ्यापासून अलग करावे आणि कार्यालयातील संगणक विभागास त्वरित कळवावे. पुसलेली नोंद परत मिळेलच असे नाही. न पुसलेली नोंद मात्र सावकाश तपासून नंतरही काढता येते.