नवशिक्याची आज्ञावली आणि सदोष आदान

संगणकासाठी प्रथमच आज्ञावली लिहिणारा विद्यार्थी आपला बहुतेक वेळ गणित जमविण्यात घालवितो. ते गणित ज्या आकड्यांवर चालावयाचे ते आत कसे येतात, म्हणजेच आदान कसे होते, याकडे त्याचे लक्ष क्वचितच जाते. उदाहरणार्थ, एकूण गुण व विषयांची संख्या विचारून सरासरी काढणारी एक लहानशी आज्ञावली घेऊ. पायथन भाषेत ‘इनपुट’ हे फलन कळफलकावरील मजकूर नेहमी अक्षरमालिकेच्या रूपातच देते. तिचे पूर्णांकात रूपांतर ‘इंट’ने करावे लागते. वापरणाऱ्याने ‘५’ऐवजी ‘पाच’ असे लिहिले की ‘व्हॅल्यूएरर’ हा अपवाद उद्भवतो व त्याची तजवीज केलेली नसल्यास आज्ञावली तेथेच बंद पडते.

यावर पुष्कळांना प्रथम सुचणारा उपाय असा की, रूपांतरापूर्वी प्रत्येक अक्षर अंकच आहे ना, हे ‘इजडिजिट’ने तपासावे. परंतु हा उपाय दोन्ही बाजूंनी फसतो. ‘-५’ हा पूर्णांक असूनही ऋणचिन्हामुळे तो नाकारला जातो; उलट, वर्ग दर्शविण्यासाठी वरच्या बाजूस लिहितात तो लहान दोनचा अंक स्वीकारला जातो आणि पुढे रूपांतर मात्र होत नाही. देवनागरी अंकांना ‘इंट’ची काहीच हरकत नाही, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. तात्पर्य, रूपांतर होईल किंवा नाही याचे भाकीत करीत न बसता ते करूनच पाहावे आणि ‘व्हॅल्यूएरर’ हा नेमका अपवाद ‘ट्राय’ व ‘एक्सेप्ट’ यांच्या साहाय्याने पकडावा. सरसकट सर्वच अपवाद पकडल्यास आपल्या स्वतःच्या लेखनातील चुकाही झाकल्या जातात.

आदान सदोष ठरल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारण्यासाठी फलनाने स्वतःलाच पाचारण करावे, अशी रचनाही वारंवार आढळते. तीत दुसऱ्या वेळी मिळालेले मूल्य परत धाडण्याचे राहून गेले, तर हाती केवळ ‘नन’ येते. त्यापेक्षा ‘व्हाइल’चे आवर्तन सरळ होय: योग्य मूल्य मिळताच बाहेर पडावे, न मिळाल्यास काय अपेक्षित होते ते सांगून पुन्हा विचारावे.

येथवर केवळ रूपाची परीक्षा झाली. अर्थाची परीक्षा निराळी. 1997 साली अमेरिकन नौदलाच्या ‘यॉर्कटाउन’ या युद्धनौकेवरील माहितीसंचात शून्य नोंदले गेले, त्या शून्याने भागाकार करण्याचा प्रसंग आला आणि परिणामी नौकेची प्रणोदनयंत्रणाच बंद पडली. शून्य हा रूपाने निर्दोष पूर्णांक आहे. त्या जागी मात्र तो निरर्थक होता. म्हणून आपल्या उदाहरणातही विषयांची संख्या निदान 1 असावी आणि प्रत्येक विषयास 100 गुण असल्यास एकूण गुण 0 ते विषयसंख्येच्या 100 पट या मर्यादेत असावेत, अशी अट घातलीच पाहिजे.

बंद पडलेली आज्ञावली आपला दोष निदान उघड करते. परंतु 430ऐवजी 4300 स्वीकारून 5 विषयांची सरासरी 860 सांगणारी आज्ञावली निर्वेधपणे चालत राहते, आणि तिच्यावर विसंबणाऱ्याची फसगत होते. हे टाळणे हे वापरणाऱ्याचे नव्हे, तर आज्ञावली लिहिणाऱ्याचेच कर्तव्य होय.